बाईची दाढ आणि घराचा हिशोब

बाईच्या आरोग्याबद्दल आपण गेली कित्येक वर्षं बोलतो आहोत. गर्भाशय, रक्तक्षय, गर्भनिरोधकं, पांढरं जाणं, कंबरदुखी. ज्या गोष्टी कुजबुजत बोलल्या जायच्या त्या आपण मोठ्यानं बोललो, लिहिल्या, मोर्च्यात फलकांवर नेल्या. पण बाईच्या तोंडात काय चाललं आहे, याकडे आपलंही फारसं लक्ष गेलेलं नाही. दात हा कुणालाच ‘बायकांचा प्रश्न’ वाटत नाही. दात सगळ्यांनाच असतात, सगळ्यांचेच किडतात, त्यात स्त्री-पुरुष कुठून आला?

मला वाटतं, तो येतो. विशेषतः वीस ते तीस या वयात येतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बायकांच्या बैठकांना बसताना मी हे वारंवार पाहिलं आहे. कुणाचं डोकं दुखत असतं, कुणाची मान. जरा खोदून विचारलं की कळतं, दाढ ठणकते आहे. किती दिवसांपासून? ‘दिवस कुठले, दोन वर्षं झाली.’ मग उपाय? लवंग धरते, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करते, फारच झालं तर गोळी घेते आणि दुसऱ्या बाजूनं चावते. पंचवीस वर्षांची मुलगी दोन वर्षं एकाच बाजूनं जेवते आहे आणि घरात कुणाला पत्ता नाही.

आधी कीड म्हणजे काय ते नीट पाहू. ‘कीड’ या शब्दानं आपली फसगत केली आहे. दातात अळी असते, ती बाहेर काढता येते, असं सांगून बाजारात बसणारे लोक अनेकींनी पाहिले असतील. तशी अळी कधीच नसते. आपल्या तोंडात सूक्ष्म जंतू असतात. आपण खाल्लेल्या साखरेवर आणि पिठूळ पदार्थांवर ते जगतात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कठीण कवचातले क्षार विरघळवतं. लाळ ते आम्ल धुऊन काढते, झालेली झीज थोडीफार भरूनही काढते. पण त्यासाठी तिला साधारण अर्धा तास ते तासभर मोकळा वेळ हवा. तो मिळाला नाही, पुन्हा पुन्हा गोड पोटात जात राहिलं, तर हळूहळू खड्डा पडतो. एकदा पडलेला खड्डा आपोआप बुजत नाही.

म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. स्वीडनमध्ये लुंड इथल्या विपेहोम संस्थेत १९४५ ते १९५३ या काळात झालेल्या प्रयोगांतून हे ठळकपणे पुढं आलं. जेवणाबरोबर दिलेल्या साखरेनं दातांचं नुकसान कमी झालं, मधल्या वेळी दिलेल्या चिकट टॉफीनं फार झालं. हे प्रयोग संस्थेत ठेवलेल्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर त्यांची संमती न घेता केले गेले होते, हेही विसरू नये. ज्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही त्यांच्या दातांवर जगानं हे ज्ञान मिळवलं.

आता वयाचं. दाताची कीड ही साठत जाणारी गोष्ट आहे. ताप येतो आणि जातो, तसं इथं होत नाही. दंतवैद्य जो निर्देशांक वापरतात त्यात किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले असे सगळे दात एकत्र मोजतात. अमेरिकेत हेन्री क्लाइन आणि कॅरोल पामर यांच्या अभ्यासातून १९३८च्या सुमारास तो रूढ झाला. हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, खाली येत नाही. भारतीय दंत परिषदेनं २००२-०३ साली देशभर केलेल्या पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के, बारा वर्षांच्या सुमारे ५४ टक्के आणि पंधरा वर्षांच्या सुमारे ६३ टक्के मुलांना कीड आढळली. पस्तीस ते चव्वेचाळीस या वयात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात गेलं.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. पाच, बारा, पंधरा आणि मग एकदम पस्तीस. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा पाहण्यांसाठी ठरवून दिलेले वयोगटच तसे आहेत. तुलना सोपी व्हावी म्हणून ते निवडले, त्यात कुणाचा कट नाही. पण परिणाम काय होतो? पंधरा ते पस्तीस या वयातली माणसं मोजणीतून गळतात. याच वर्षांत अक्कलदाढा येतात, अर्धवट बाहेर येऊन अडकतात, त्यांच्या फटीत अन्न साचून शेजारची चांगली दाढही किडते. आणि याच वर्षांत आपल्याकडे मुलीचं शिक्षण संपतं, नोकरी लागते, लग्न होतं, एक-दोन बाळंतपणं होतात. बाईच्या आयुष्यातली सगळ्यात उलथापालथीची वीस वर्षं पाहणीच्या कागदावर कोरी आहेत.

मग बायकांचे दात पुरुषांपेक्षा जास्त किडतात का? उत्तर सरळ नाही. काही पाहण्यांत बायकांमध्ये कीड जास्त दिसते, काहींत पुरुषांमध्ये, काहींत फरकच दिसत नाही. पण जगभरच्या अनेक अभ्यासांत पारडं बायकांकडे झुकतं. याची काही कारणं शरीरात आहेत. मुलींचे कायमचे दात मुलांपेक्षा काही महिने आधी येतात, म्हणजे तेवढा काळ जास्त ते जंतूंच्या तोंडी असतात. बायकांमध्ये लाळेचा प्रवाह सरासरीनं कमी असतो. गरोदरपणात हिरड्या सुजतात, उलट्यांमधलं आम्ल दातांवर येतं, वारंवार थोडं थोडं खावं लागतं.

जॉन लुकास हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ. आपल्या महाराष्ट्रातल्या इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींमध्ये सापडलेल्या सांगाड्यांच्या दातांचा त्यांनी अभ्यास केला. शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या या वसाहतीचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं केलं होतं. पुढं २००८ साली लुकास यांनी जगभरच्या पुराव्यांवरून असं मांडलं, की शेती आली, लोक एका जागी स्थिरावले, बायकांची बाळंतपणं वाढली आणि त्याबरोबर बायकांच्या आणि पुरुषांच्या दातांमधली तफावतही वाढली. दक्षिण आशियातल्या पाहण्यांवर २०११ साली लिहिताना त्यांनी शरीराबरोबर समाजाकडेही बोट दाखवलं : मुलग्याला मिळणारं झुकतं माप, बायकांचे उपास, गरोदरपणातली खाण्यावरची बंधनं. जे आपण घरात रोज पाहतो ते हाडं आणि दात तपासणाऱ्या माणसालाही दिसलं.

पण नुसत्या आकड्यात बाईची गोष्ट सापडत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. श्रीमंत देशांत बायकांचा आकडा मोठा दिसतो त्याचं एक कारण असं, की त्या दंतवैद्याकडे जास्त जातात आणि भरलेले दातही त्यात मोजले जातात. आता आपल्याकडचे भाऊ-बहीण डोळ्यांसमोर आणा. दोघांच्याही तीन-तीन दाढा किडल्या. भावाच्या दोन दाढांत वेळेवर चांदी भरली, तिसरीचं रूट कॅनाल होऊन वर कॅप बसली. बहिणीच्या दोन काढल्या, तिसरी तशीच आहे. निर्देशांकाच्या हिशोबात दोघंही सारखेच, तीन आणि तीन. पण भाऊ दोन्ही बाजूंनी चावून जेवतो, बहिणीच्या जबड्यात दोन भगदाडं आहेत. आकडा समान असणं आणि आयुष्य समान असणं यांत एवढं अंतर आहे.

ही कीड नुसती शरीरातून येत नाही, दिनक्रमातूनही येते. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, हरतालिका, वटपौर्णिमा. घरातले बहुतेक उपास बाईच्या नावावर. उपास म्हणजे पोटात काही नाही असं क्वचितच असतं. साबुदाण्याची खिचडी, रताळं, केळं, खजूर, राजगिऱ्याची चिक्की आणि दिवसभरात चार-पाच वेळा गोड चहा. चिकट आणि गोड, आणि तेही थोड्या थोड्या वेळानं. विपेहोमच्या प्रयोगापेक्षा हे काय वेगळं? निर्जळी असेल तर तोंड कोरडं पडतं आणि लाळेचं संरक्षणही जातं. उपास सोडा असं मी म्हणत नाही, ज्यांना करायचा त्यांनी करावा. पण चहा बिनसाखरेचा घेता येतो, खाल्ल्यावर चूळ भरता येते, हे सांगणारं कुणी हवं ना?

मग येते आपली लोकल. डोंबिवलीहून किंवा कल्याणहून मुंबईला कामाला जाणारी मुलगी घरातल्यांचे डबे भरून सकाळी साडेसहा-सातला बाहेर पडते. नाश्ता होत नाही, चहात बुडवून दोन बिस्किटं. आणि पाणी? पाणी ती मुद्दामच पीत नाही. गाडीत सोय नाही, स्टेशनातल्या मुतारीत जावंसं वाटत नाही, कामाच्या जागी स्वच्छतागृह असेलच असं नाही. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू झाली तेव्हा बायकांनी हेच सांगितलं होतं, की घराबाहेर पडायचं म्हणून आम्ही पाणी पीत नाही. लघवीच्या विकारांचा आणि मुतखड्याचा विचार आपण तेव्हा केला. पण पाणी कमी, तोंड कोरडं, लाळ कमी आणि वर गोड बिस्किट-चहा, हा हिशोब दातांनाही भरावा लागतो. अस्वच्छ मुतारीचा आणि किडक्या दाढेचा संबंध आहे म्हटलं तर लोक हसतील. हसू देत.

आता पैशाचं. दाढ भरणं स्वस्त असतं, पण ते कीड लहान असताना. कीड नसेपर्यंत गेली की रूट कॅनाल आणि कॅप, म्हणजे खर्च हजारांत, शिवाय तीन-चार खेपा. दाढ उपटून टाकणं शेकड्यांत आणि एका खेपेत. या दोन पर्यायांमधून निवड कुणासाठी कशी होते, ते पाहा. मुलगा असेल तर ‘दात वाचवा डॉक्टर, उभं आयुष्य काढायचंय त्याला.’ सून असेल तर ‘काढूनच टाका, कटकट नको.’ पुष्कळदा असं म्हणणारी ती स्वतःच असते, कारण तीन-चार खेपा म्हणजे तीन-चार दिवसांची रजा किंवा पोळ्यांची खाडी, आणि त्याचा जाब तिलाच द्यावा लागतो.

एका दाताच्या बाबतीत मात्र घर सढळ हातानं खर्च करतं. तो म्हणजे पुढचा दात. मुलगी दाखवायची वेळ आली की पुढचा काळा पडलेला, तुटका, पुढं आलेला दात सगळ्यांना दिसू लागतो. तारा लागतात, कॅप बसते. मागच्या दाढेत तेव्हाच खड्डा असतो, पण ती फोटोत दिसत नाही. पुढचे दात पाहणाऱ्यांसाठी आणि दाढा चावण्यासाठी. म्हणजे दिसण्यासाठी खर्च होतो, जेवण्यासाठी होत नाही. मुलीच्या शरीरातलं कुठलं सुख कुणासाठी मोजलं जातं, याचं याहून सोपं उदाहरण मला सापडत नाही.

लग्नानंतर ही दाढ दोन घरांच्या मध्ये लोंबकळते. माहेरी म्हणतात, आता नवऱ्याच्या घरी बघतील. सासरी म्हणतात, ही माहेराहूनच किडकी आणली. सहा महिन्यांच्या सुनेनं ‘माझ्या दाढेला आठ हजार लागतील’ हे तोंडातून कसं काढायचं? म्हणून ती तोंडच उघडत नाही. ‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण म्हातारपणासाठी वापरतो. बाईला ती तिशीतच लागू होते. हातात स्वतःच्या चार पैशांचा हिशोब येतो तोवर दाढा गेलेल्या असतात.

गरोदरपणात तर सगळेच हात वर करतात. ‘एका बाळंतपणाला एक दात जायचाच, बाळ आईचं कॅल्शियम ओढून घेतं’ असं सर्रास म्हटलं जातं. हे खरं नाही. बाळासाठी दातांतलं कॅल्शियम ओढलं जात नाही. दात जातो तो सुजलेल्या हिरड्या, उलट्या, वरचेवर खाणं आणि उपचार न होणं यांमुळे. उलटी झाल्यावर लगेच घासू नये, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं चूळ भरावी आणि काही वेळानं घासावं, ही साधी गोष्टसुद्धा गरोदर बाईला कुणी सांगत नाही. उलट ‘आता काही करायचं नाही, बाळंत झाल्यावर बघू’ असं घरचे म्हणतात, कधी कधी डॉक्टरही म्हणतात. खरं तर गरोदरपणात दात तपासणं, साफ करणं, भरणं सुरक्षित आहे. चौथा ते सहावा महिना त्याला सगळ्यात सोयीचा. दुखणं आणि पू अंगावर काढणं मात्र सुरक्षित नाही. बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, ‘दाताला थंड पाणी लावू नकोस’ हा उपदेश आणि रात्रीची जागरणं. ‘बाळंत झाल्यावर बघू’ ते बघणं मूल शाळेत जायला लागलं तरी होत नाही.

आणि मशेरी. कोकणातून, घाटावरून आपल्या वस्त्यांमध्ये आलेल्या कितीतरी जणी भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावतात. बऱ्याच जणींची सुरुवात दाढदुखीतूनच होते, कारण मशेरीनं ठणका बधिर होतो. दाढ दुखायची थांबते, किडायची थांबत नाही, आणि तंबाखू मात्र कायमची चिकटते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ साली बंदी केली, पण तव्यावर घरी भाजलेल्या मशेरीला कुठला कायदा अडवणार? मुंबईतल्या १,२१७ बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात गरोदरपणी मशेरी-तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. या बायकांना व्यसनी म्हणून दटावण्याआधी त्यांची दाढ कुणी बघितली होती का, हे विचारायला हवं.

सरकार काय करतं? शाळा-अंगणवाडीतल्या मुलांच्या तपासणीसाठी २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्यात दातही पाहिले जातात, अठराव्या वर्षापर्यंत. त्यानंतर सरकारला ती बाई पुन्हा भेटते ती गरोदर झाल्यावर, आणि तेव्हा तिचं वजन, रक्त, पोट पाहिलं जातं. तोंड उघडायला कुणी सांगत नाही. तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी झाली आहे का, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं, तेव्हा देशभरात शंभरात एकीहूनही कमी जणींनी ‘हो’ म्हटलं. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या मोठ्या उपचारांसाठी आहे. दाढ भरायला कुणी दाखल होत नाही. स्वस्तात रूट कॅनाल करून घ्यायचं तर मुंबईचं सरकारी दंत महाविद्यालय किंवा नायरचं दंत महाविद्यालय गाठायचं. कल्याणहून सीएसएमटी ५४ किलोमीटर. चार खेपा म्हणजे चार दिवसांची मजुरी.

कुणी म्हणेल, बायका जाळल्या जात आहेत, मारल्या जात आहेत आणि तुम्ही दाढ घेऊन बसलात? त्यांना मी कायद्याकडे बघायला सांगेन. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये ‘गंभीर दुखापत’ कशाला म्हणायचं याची यादी होती आणि त्यात दात तुटणं किंवा निखळणं स्पष्ट लिहिलेलं होतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ११६ मध्येही ते कायम आहे. नवऱ्याच्या ठोशानं दात पडला तर कायदा त्याला गंभीर मानतो, आणि आपल्यातल्या किती जणींनी पोलीस ठाण्यात हे कलम लावून घेण्यासाठी भांडण केलं आहे! तोच दात पाच वर्षं दुखून, कुजून, कुणी पैसे न दिल्यामुळे पडला तर ती दुखापत कुणाच्याच वहीत लिहिली जात नाही. मार लगेच दिसतो, हयगय दिसायला वर्षं लागतात. दात दोन्हीत जातो.

ज्या कल्याणात १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या, त्या कल्याणात आज गल्लोगल्ली दंतवैद्यांच्या पाट्या आहेत, त्यांतल्या कितीतरी बायकांच्या नावाच्या आहेत. म्हणजे ‘बाई डॉक्टर नाही म्हणून दाखवत नाही’ ही सबब आता उरलेली नाही. पाटीपासून खुर्चीपर्यंतचं अंतर पैशाचं, वेळेचं आणि परवानगीचं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. गरोदर बाईच्या कार्डावर ‘तोंड व दात तपासले’ असा एक रकाना असावा, आणि तो भरला जावा. कल्याण-डोंबिवलीचं रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर, ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय अशा पालिकेच्या रुग्णालयांमध्ये दातांचा विभाग संध्याकाळी आणि रविवारी चालावा, म्हणजे नोकरी करणारीला रजा टाकावी लागणार नाही. तिथं नुसतं दात काढणं न होता वाचवणंही व्हावं. स्टेशनांवर बायकांसाठी स्वच्छ मुताऱ्या आणि पिण्याचं पाणी हवं. पुढच्या पाहणीत वीस ते तीस वयाच्या बायका-पुरुषांची वेगळी मोजणी व्हावी, आणि त्यात किडलेले, काढलेले आणि भरलेले दात वेगवेगळे छापावेत, म्हणजे कुणाचे वाचवले आणि कुणाचे उपटले ते कळेल.

आणि गटात, शेजारात आपण एवढं करू शकतो : पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारूया, ‘तू कोणत्या बाजूनं चावतेस?’ जी एकच बाजू सांगेल, तिच्याबरोबर त्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊया. कीड लहान असताना दाढ भरून घेणं एका साडीच्या किमतीत होतं. रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासायचे आणि त्यानंतर काही खायचं नाही, एवढी शिस्त बिनपैशाची आहे. पण दिवसभरात शेवटची जेवणारी, शेवटची झोपणारी बाई दिवा मालवण्याआधी ती दोन मिनिटं स्वतःसाठी काढू शकते का, हा प्रश्न टूथपेस्टचा नाही. तो घरातल्या कामाच्या वाटणीचा आहे, आणि तो घरातल्या सगळ्यांनी मिळून सोडवायचा आहे.